‘बोटं दुखणारच’ म्हणत गळ्यात मारलेली गिटार

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मुलीला ६,५०० रुपयांना गिटार विकली गेली. ‘सॉलिड वूड आहे, आत मान सरळ ठेवणारा ट्रस रॉड आहे, वर तीन महिने कॉर्ड्सचा क्लास फुकट.’ कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर. त्यांतला ई मायनर कसाबसा वाजला, सी बेसूर, आणि एफ काही केल्या लागेना. तक्रार केली की एकच उत्तर: ‘बोटं दुखणारच, रियाज वाढव.’ क्लास संपला तेव्हा गिटार परत घेण्याची मुदतही गेलेली होती.

दोष नटमध्ये होता. मानेच्या टोकाला, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सुरुवातीच्या कॉर्ड्स पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे नटच्या अगदी लगत. खाचा उथळ राहिल्या की तिथे तार उंच राहते. दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर चोख लावल्या तरी सी कॉर्डमधली दुसरी तार चढीच बोलते. एफमध्ये एक बोट आडवं टाकून पहिलाच फ्रेट दाबायचा, तिथे तर मनगट भरून येतं. नवशिक्याला वाटतं, आपल्याच हातात काही नाही. गवई मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली ज्या बडोद्यात निघाली, तिथे पोरांना असं नाउमेद करावं याची चीड येते.

दुकानातच फोनवर ट्यूनर उघडा. दुसरी तार बी-ला लावा आणि पहिल्या फ्रेटवर अलगद दाबा. काटा सी-च्या मध्यावर हवा. चांगलाच पुढे गेला तर गिटार ठेवून द्या. मग तीच तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागद सरकेल इतकीच पुरे. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून तारेखालची फट मोजा: जाड ई तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक ई तारेखाली दोनच्या आसपास. चार-पाच भरली तर सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून बघू म्हणतील, पण सॅडल एक मिलिमीटर घासलं की इथे अर्धाच उतरतो. सॅडल आधीच बुटकं असेल तर घासायला उरतं काय?

‘सॉलिड’ची, म्हणजे अखंड लाकडाची, पारख पुढच्या भोकाच्या कडेला होते. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या पाहिजेत; थर दिसले तर प्लायवूड. नवशिक्याला प्लायवूड चालतं, त्याला सॉलिडचा भाव देऊ नये. ट्रस रॉड फिरवायचा स्क्रू भोकाच्या आत किंवा डोक्यावरच्या झाकणाखाली दाखवायला सांगा. झाकण आहे आणि खाली काहीच नाही, असंही निघतं.

तारांवर बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखतात, हे खरंच आहे. म्हणूनच ही थाप खपते.

‘सॉलिड टॉप, ट्रस रॉडसह’ हे शब्द बिलावर लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर ते बिल हाताशी ठेवून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.