आठवीला आधी काय: स्क्रॅच की पायथन?

सोलापूरच्या मुलांना प्रोग्रॅमिंग चादरीच्या नक्षीवरून शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर पंचकार्डातलं, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डातलं, भोक ठरवतं की कोणता धागा वर उचलायचा. कार्डांची माळ फिरून आली की तीच नक्षी पुन्हा उमटते. म्हणजे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) काय असतो, हे शहराच्या विणकरांच्या पूर्व भागातल्या कित्येक मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं.

हीच नक्षी मुलांसाठीच्या स्क्रॅच या प्रोग्रॅमिंग भाषेत पडद्यावर सूचनांचे ठोकळे ओढून काढता येते. रेषा काढणारं ‘पेन’ जोडा, चौकोन काढा, तो ‘रिपीट’ (पुन्हा करा) या ठोकळ्यात टाका. चुकलं तर चौकोन वाकडा दिसतो आणि मूल स्वतःच कोन 90 करून बघतं. मात्र नक्षी मोठी झाली की ठोकळ्यांची लांबलचक रांग सांभाळणं अवघड जातं.

पायथन या टाइप करून लिहायच्या भाषेत तेच काम टर्टल हे चित्र काढायचं साधन चार-पाच ओळींत करतं. पण लूप सुरू करणाऱ्या ‘फॉर’च्या ओळीअखेरचा कोलन (:) राहिला की इंग्रजीत एरर येते आणि मराठी माध्यमाची मुलं बिचकतात. तिथे एक गोष्ट जरूर दाखवा: पायथन 3 मध्ये ‘बाजू = 40’ असं लिहून आकड्याला मराठी नाव दिलेलं चालतं!

आठवीला स्क्रॅचच घ्या. नववीत तीच नक्षी पायथनमध्ये पुन्हा काढायला लावा. थेट पायथनची घाई नको.