पन्नाशीतली टेली, नवी कोरी: स्क्वायर क्लासिक व्हाइबबद्दल जरा लांबलेलं

आधीच सांगून टाकतो, स्क्वायरची (म्हणजे फेंडर कंपनीच्या स्वस्त ब्रँडची) क्लासिक व्हाइब फिफ्टीज टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हो आहे, पण दुकानात जे कारण सांगतात त्यासाठी नाही. "सर, एकदम फिफ्टी-टूचा साउंड!" असं तो काउंटरवरचा पोरगा म्हणतो तेव्हा विचारावंसं वाटतं की बाळा, तू कुठे ऐकलीस बावन्न सालची? मी तरी फक्त रेकॉर्डिंगमध्ये ऐकलीये, हातात कुठून येणार, आणि पुण्यात कोणाकडे खरी असलीच तर तो माणूस ती तुम्हाआम्हाला वाजवायला देणार नाही. त्यामुळे हुबेहूब आहे का, टोन तोच आहे का, हा वाद मी सोडून दिलाय. मला बघायचं एवढंच होतं की सत्तरपेक्षा जास्त वर्षं जुनं डिझाइन आज आपल्या इथे, आपल्या पावसात, आपल्या वायरिंगवर आणि आपल्या ऑर्केस्ट्रात कामाला येतं का.

तर येतं, आणि का येतं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. ज्या लिओ फेंडरने ही गिटार काढली त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि टेली उघडून बघितली की ते लगेच कळतं. लाकडाची सपाट फळी, तिला नेक (गिटारची मान) चार स्क्रूंनी कसलेला, म्हणजे बिघडला तर काढा आणि दुसरा लावा, कंट्रोल प्लेटचे दोन स्क्रू सोडले की सगळं वायरिंग हातात, दोन पॉट (व्हॉल्यूम आणि टोनची बटणं), एक स्विच, संपलं. 1950 मध्ये आधी एका पिकअपची (तारांचा आवाज पकडणारा भाग) एस्क्वायर आली, मग दोन पिकअपची ब्रॉडकास्टर, त्या नावावर ग्रेच कंपनीने हरकत घेतली कारण त्यांचे ड्रम तशाच नावाने विकले जात होते, मग काही काळ यांनी हेडस्टॉकवरच्या स्टिकरमधून ते नाव चक्क कापून गिटारी विकल्या, ज्यांना आता नोकास्टर म्हणतात आणि ज्यांची किंमत ऐकून घाम फुटतो, आणि 1951 मध्ये टेलिकास्टर हे नाव बसलं. (1952 मध्ये आपल्याकडे माहिती-प्रसारण मंत्री केसकर साहेबांनी आकाशवाणीवरून फिल्मी गाणी घालवली आणि लोक रेडिओ सिलोन पकडत बसायचे. रेडिओवाल्यांचेच दिवस होते ते.)

मग रीइश्यूची, म्हणजे जुन्या मॉडेलच्या नव्या नकलेची, भानगड कुठून आली? 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरला घेतली, पुढे हळूहळू मालाचा दर्जा घसरला, निदान वाजवणाऱ्यांची ओरड तीच होती, आणि लोक पुन्हा जुन्या गिटारी शोधायला लागले. जुन्या म्हणजे तेव्हा फक्त वापरलेल्या, विंटेज वगैरे नंतर. शेवटी 1982 मध्ये फेंडरनेच स्वतःच्या जुन्या मालाची नक्कल बाजारात आणली, बावन्नची टेली आणि सत्तावन्न व बासष्टची स्ट्रॅट (फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर), आणि त्याच वर्षी जपानमध्ये बनलेल्या स्वस्त रीइश्यूंवर स्क्वायर हे नाव लागलं. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीची कथा तर अजून मजेशीर, 1958 ते 60 मधल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारी खपत नाहीत म्हणून कंपनीने तो आकारच बंद केला, आणि पुढे एरिक क्लॅप्टनसारख्या गिटारवाद्यांच्या हातात लोकांनी ती बघितली आणि सगळ्यांना तीच हवी झाली, मग 1968 मध्ये लेस पॉल परत सुरू करावी लागली. गिऱ्हाईक कधी काय मागेल काही सांगता येत नाही.

आता हातातल्या गिटारबद्दल. क्लासिक व्हाइब मालिका 2008 पासून आहे, आधी चीनमध्ये बनायची, 2019 पासून इंडोनेशियात बनते. बॉडी पाइनची आहे, आणि "पाइन? ते तर पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड" म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात, त्यांना सांगा की लिओच्या पहिल्या नमुन्यांतही पाइन होतं, अॅश नंतर आलं. नेक मेपलचा, वर पिवळसर झाक दिलेलं चकचकीत पॉलिश, घाम आला की तळवा थोडा चिकटतो, मे महिन्यात जास्तच. नट (हेडस्टॉकपाशी तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी) हाडाचा. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अरुंद आणि उंच, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, कारण हिंदी-मराठी गाण्यात मींड घ्यायची तर बोटाखाली तार सापडावी लागते, उंच फ्रेटवर ती सापडते, बोट लाकडाला घासत नाही. फक्त कॉर्ड धरताना जोरात दाबायची सवय असेल तर स्वर चढतो, नवशिक्यांना पहिले काही दिवस सगळंच बेसूर वाटेल आणि ते ट्यूनरला शिव्या देतील.

ट्यूनरवरून आठवलं. खुंटीच्या टोकाला उभी खाच आहे आणि मधोमध भोक, म्हणजे तार आधी अंदाजाने कापायची, टोक त्या भोकात सरळ खाली घालायचं, मग खाचेत वाकवून गुंडाळायची. नेहमीच्या खुंट्यांची सवय असलेला माणूस पहिल्यांदा हमखास गोंधळतो, पण एकदा जमलं की तारेचं टोक बोटात घुसत नाही, केसच्या अस्तरातही अडकत नाही. इतकं साधं डोकं लावलंय की वाटतं सगळ्या गिटारींना हेच का नाही.

ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे, तीनच सॅडल (तारांचे टेकू), प्रत्येकावर दोन तारा. म्हणजे इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) दोघींचं एकदम बरोबर कधीच बसणार नाही, एकीचं जुळवलं की दुसरी किंचित हलते, हा मूळ डिझाइनचाच भाग आहे आणि रीइश्यूमध्ये तो तसाच ठेवलाय. वर वर सोलो वाजवणाऱ्याला खटकेल. मी जास्त करून रिदम आणि मधले पीस वाजवतो, मला चालतं.

आवाज. ब्रिज पिकअप टोन पूर्ण उघडून वाजवला तर कान किटतात, हे आधीच मान्य करू. पण टोन निम्म्यावर आणा आणि सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांचा रिदम वाजवून बघा, कीबोर्ड आणि ढोलकीच्या गर्दीतून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, व्हॉल्यूम न वाढवता. याआधी मी हमबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) जाड आवाजाची गिटार वाजवायचो, घरी भारी वाटायची आणि स्टेजवर गायब व्हायची. स्विच मधल्या जागेवर आणला की दोन्ही पिकअप एकदम लागतात, भावगीतांचे आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून छेडणं) तिथेच. आता गंमत अशी की खऱ्या बावन्नच्या वायरिंगमध्ये ही मधली सोयच नव्हती, तिथे स्विचची एक जागा अशी होती जिच्यात नेक पिकअप कपॅसिटरमधून जाऊन एकदम गडद बेस देतो. हौस म्हणून तेही करून बघितलं. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात त्या तपकीर गल्लीत कपॅसिटर घेतला, अक्षरशः चिल्लर, आणि तिथेच अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत त्यांच्यापुढे गिटार ठेवली. त्यांनी आयुष्यात कधी इलेक्ट्रिक गिटार उघडली नव्हती. प्लेट वर केली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "अहो यात आहे काय एवढं? दोन पॉट आणि एक कंडेन्सर!" आणि लावून दिलं. आवाज मात्र तोंडावर रजई घेऊन बोलल्यासारखा, त्यामुळे लवकरच परत नेऊन पूर्ववत करून घेतलं, काकांनी दुसऱ्यांदा पैसेही घेतले नाहीत.

माझ्यासाठी या गिटारची खरी किंमत इथे आहे. पुण्यात चांगला गिटार टेक मिळतो, पण त्याची तारीख मिळत नाही, गणपतीच्या आधी तर विसराच. टेलीला तो बऱ्याचदा लागतच नाही. जॅक सैल झाला (टेलीचा जॅक सैल होणं ही पार पहिल्या दिवसापासूनची ख्याती आहे), पॉट खरखरायला लागला, स्विच अडकला, सगळं सोल्डरिंग गन धरता येणाऱ्या कोणाकडूनही होतं.

पिकअप सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) म्हणजे हम, म्हणजे विजेची घरघर, आलाच, त्याला इलाज नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नावालाच आहे, तिथे गिटार खिडकीकडे वळवून बसलो की हम कमी आणि फ्रिजकडे तोंड केलं की वाढतो. मंडपात डिमरवर लावलेले लाइट असतील तर मग नॉइज गेटशिवाय (वाजवत नसताना आवाज बंद करणारं यंत्र) पर्याय नाही, साउंडवाल्याशी भांडून काही होत नाही, त्याच्या मते दोष नेहमी तुमच्या गिटारचाच असतो.

आणि पाऊस. सुरुवातीच्या एस्क्वायरमध्ये ट्रस रॉडच (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) नव्हता, नेक वाकून परत यायला लागले तेव्हा कुठे तो टाकला. आपल्याकडे जुलैत नेक हलतो, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं कडेला टोचायला लागतात. क्लासिक व्हाइबमध्ये ट्रस रॉड हेडस्टॉककडून फिरवता येतो, चावी घातली, थोडं फिरवलं, झालं. जुन्या पद्धतीत तो नेकच्या बुडाशी असतो, म्हणजे नीट फिरवायचा तर नेक उतरवा. अमेरिकेत बनणाऱ्या महागड्या रीइश्यूंमध्ये इतिहासाला धरून तसंच ठेवलेलं असतं, वर नायट्रो लॅकर (जुन्या पद्धतीचं पॉलिश), जो गरम-थंड हवेत तडकतो आणि लोकांना ते तडकणंच हवं असतं. तेच फ्रेटबोर्डच्या गोलाईचं, मूळची 7.25 इंच रेडियसची, कॉर्डला फार आरामाची पण अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली ठेवून बाराव्या फ्रेटच्या वर मोठा बेंड घेतला की स्वर गुदमरतो. फेंडरची मेक्सिकोत बनणारी व्हिंटेरा तशी आहे, मित्राकडे आहे, नेक जाडजूड, हातात मस्त भरतो, पण ती त्याच्याकडेच बरी. क्लासिक व्हाइबने 9.5 ठेवलंय, म्हणजे जास्त सपाट. शुद्धतावादी म्हणतील ही फसवणूक. असेना.

पैशाचं बघा, ही पन्नास हजारांच्या आगेमागे, व्हिंटेरा लाखाच्या पुढे, अमेरिकेत बनणारी अमेरिकन व्हिंटेज टू दोन लाखांच्या पुढे. आणि त्याच्याही वर फेंडरच्या कस्टम शॉपच्या रेलिक, ज्यांच्यावर कारखान्यातच ओरखडे काढून आणि रंग खरवडून देतात. हे मला काही केल्या पटत नाही. कोणाच्या तरी पगारी खरवडण्याचे पैसे आपण भरायचे आणि मग स्टेजवर चाळीस वर्षं घासल्याचा आव आणायचा? ज्याला परवडतं त्याने घ्यावी, वाजते चांगली, पण ओरखडे मी फुकटात पाडीन.

घेताना एक सांभाळा. मी जिथून घेतली त्या दुकानाने (नाव नको) सेटअप करून देतो म्हणत खोक्यातून काढून फक्त ट्यून करून दिली, वर सेटअपचे पैसे बिलात. तेव्हा बिल करण्याआधी तिथेच बसून पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरा, बोटं दुखली म्हणजे नटच्या खाचा उंच आहेत, समोर घासून घ्या. नऊ-बेचाळीसच्या (पातळ) तारा असतील तर दहाच्या, जरा जाड, मागा, टेलीवर पातळ तारा अगदीच पोकळ वाजतात. रंग बटरस्कॉच आणि व्हाइट ब्लाँड, फोटोत बटरस्कॉच भारी दिसते आणि म्हणूनच प्रत्येकाकडे तीच आहे. मी व्हाइट घेतली, दोन बँड एका स्टेजवर आले की निदान कोणाची कुठली ते कळतं.