सवलतीत घर घ्यावं, की भाडेकरूच राहावं?

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, फ्लॅटमध्ये बारा वर्षं भाड्यानं राहतेय. परवा फोनवर म्हणाली, "दादा, राहता फ्लॅट सवलतीत मिळतोय. घेऊ का?" असा निर्णय आमच्या सांगलीच्या घरानं घेतलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं 1980 मध्ये कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. स्कॉटलंडनं तो 2016 मध्ये बंद केला, वेल्सनं 2019 मध्ये. इंग्लंडमध्ये फ्लॅटवर 50 टक्क्यांपासून सूट सुरू होते, भाडेकरू म्हणून पाच वर्षं झाल्यावर दर वर्षाला 2 टक्के वाढते. बारा वर्षांचे झाले 64 टक्के. पण सवलतीच्या रकमेलाही मर्यादा आहे आणि 21 नोव्हेंबर 2024 पासून ती भागानुसार 16 ते 38 हजार पौंडांवर आली. म्हणजे दोन लाख पौंडांच्या फ्लॅटवर कागदोपत्री 1 लाख 28 हजार सुटतात, पदरात फार तर 38 हजार. शिवाय पाच वर्षांच्या आत विकला तर सवलतीचा हिस्सा परत करायचा.

आता आमचं. वडील ज्या संस्थेत होते तिच्या कॉलनीत आम्ही भाडेकरू होतो. 2005 च्या पुरानंतर संस्थेचा मिस्त्री आला, गिलावा, वायरिंग सगळं करून गेला. आम्ही फक्त भांडी घासली. पुढं तीच घरं संस्थेनं कामगारांना स्वस्तात विकली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आम्ही मालक होतो. आई खराट्यानं गाळ ओढत होती, दारं फुगून चौकटीत बसेनात, भिंतींची ओल दिवाळीपर्यंत हटली नाही. वडिलांनी बँकेतली ठेव मोडली.

तरी घर घेतलं याचं मला वाईट वाटत नाही. घेतलं नसतं तर वडील निवृत्त झाले त्या महिन्यात खोली रिकामी करावी लागली असती. आम्ही सवलतीला भुललो नव्हतो, डोक्यावरचं छप्पर जाईल या भीतीनं घर घेतलं.

बहिणीला ती भीती नाही. नोकरी सुटली तरी घर सुटत नाही, आणि कोर्टात कायदेशीर कारण दाखवल्याशिवाय कौन्सिल तिला उठवू शकत नाही. नळ गळला, बॉयलर बिघडला तर कौन्सिल बघते. मालक झाली की फ्लॅट लीजवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, तिचा, पण इमारतीचं छत, लिफ्ट, जिना यांच्या खर्चात तिचा वाटा, आणि मोठं काम निघालं की बिल हजारो पौंडांत जाऊ शकतं. कर्ज एक दिवस फिटतं, भाडं फिटत नाही, हे खरं. मुलांनाही भाडेहक्क आपोआप मिळेलच असं नाही, मालकीचं घर मिळतं. जमिनीवरचं स्वतंत्र घर असतं तर मी घे म्हणालो असतो. उंच इमारतीतल्या फ्लॅटसाठी आज तरी नको म्हणतो.

तरीही अर्ज करायचाच असेल तर कौन्सिलच्या ऑफरच्या पत्रात पहिल्या पाच वर्षांच्या दुरुस्ती खर्चाचा अंदाज येतो. सवलतीचा आकडा नंतर बघ, आधी त्या पानाचा फोटो मला पाठव, असं तिला सांगितलंय.