बाणेरच्या ब्रूपबमधील आयपीए

पुण्यात बाणेर भागातील एका ब्रूपबमध्ये तिथेच तयार होणारी इंडिया पेल एल (आयपीए) ही बिअर चाखली आणि ती मनापासून आवडली. मात्र बिअर आली ती थेट फ्रीजरमधून काढलेल्या, बर्फाचा थर चढलेल्या ग्लासात, आणि एवढ्या गारठ्यात या प्रकारच्या बिअरचा वासच दबून जातो. तिला साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमान मानवते.

ग्लास थोडा वेळ तसाच ठेवल्यावर मात्र मोसंबीच्या सालीचा आणि पिकलेल्या पेरूचा सुगंध स्पष्ट जाणवू लागला. आंबवण झाल्यानंतर घातलेल्या हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचे, हे काम असते, कारण उकळताना सुरुवातीला घातलेले हॉप्स प्रामुख्याने कडूपणा देतात आणि त्यांची सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. रंग तांबूस सोनेरी, फेस दाट. प्रत्येक घोटानंतर त्याचे वलय काचेवर टिकून राहत होते. कडूपणा ठसठशीत आहे, तरी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) बिस्किटासारखा गोडवा त्याला सांभाळून घेतो. शेवट अजून कोरडा, म्हणजे कमी गोड, हवा होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बर्टन गावच्या पेल एलने भारतात नाव कमावले, त्यात तिथल्या सल्फेटयुक्त पाण्याने येणाऱ्या याच कोरडेपणाचा मोठा वाटा होता.

सोबत तिखट चिकन टिक्का घेतला, तेव्हा हॉप्सच्या कडूपणामुळे मिरचीची आग अधिकच भडकली; त्यापेक्षा खारे शेंगदाणे उत्तम. मागवताना साधा, न गोठवलेला ग्लास आवर्जून मागावा.