घरी येणारी फिटनेस ट्रेनर: नागपूरच्या प्रतापनगरातील १४ महिन्यांचा अनुभव

अस्थिरोगतज्ज्ञांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे पाहून झीज सुरू झाल्याचे सांगितले, तेव्हा मी ५६ वर्षांची होते, वजन ७३ किलो होते आणि मधुमेहाला नऊ वर्षे झाली होती. शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नाही, मांड्यांचे स्नायू बळकट करा, असा त्यांचा सल्ला होता. तो अमलात कसा आणायचा हे शिकवणारे माणूस शोधण्यात माझे सहा महिने आणि २१ हजार रुपये गेले. त्यानंतर जी ट्रेनर मिळाली, तिच्याकडे मी गेले १४ महिने शिकत आहे. तिच्याकडे सध्या नव्या कोणासाठी वेळ नाही आणि नाव देऊ नये अशी तिचीच विनंती आहे. तरीही हे लिहिते, कारण आपल्या वयाच्या माणसाने ट्रेनर निवडताना काय पाहावे हे मला तिच्या कामातून कळले, आणि ते कळायला फार उशीर झाला.

आधीचा अनुभव थोडक्यात सांगते. एका मोठ्या वातानुकूलित जिममध्ये तीन महिन्यांच्या पर्सनल ट्रेनिंगचे पैसे मी आगाऊ भरले. तेथील ट्रेनरची शरीरयष्टी आणि भिंतीवरची त्याची छायाचित्रे पाहून मी निर्धास्त झाले होते. कोणता आजार आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे कोणीही विचारले नाही. पहिल्याच दिवशी त्याने उडी मारून करायच्या उठाबशा प्रत्येकी २० च्या तीन फेऱ्यांत करून घेतल्या आणि त्या चालू असताना तो मोबाइल पाहत उभा होता. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला, तर "नो पेन, नो गेन, मॅडम" एवढेच उत्तर मिळाले. नव्या व्यायामानंतर स्नायू एक ते तीन दिवस ठणकतात, ते स्वाभाविक असते. सांध्याला सूज येणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक शिकवणाऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे. शरीराची ठेवण दुरुस्त करताना तो न विचारता खांद्याला, कमरेला हात लावत असे. याचा मला फार त्रास झाला, पण बोलायला मी कचरले. पाचव्या आठवड्यात मी जाणे सोडले. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'पैसे परत मिळणार नाहीत' असे छापलेले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक तेव्हा मला माहीत असता, तर मी गप्प बसले नसते.

आताची ट्रेनर मला माझ्या बँकेतल्या एका मैत्रिणीमुळे मिळाली. या ट्रेनरने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेविषयी विदर्भात वेगळे सांगण्याची गरज नाही. पुढे तिने ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेची परीक्षा दिली आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही घेतले. आपल्याकडे ट्रेनर म्हणून काम करण्यासाठी डॉक्टरांसारखी सक्तीची नोंदणी नसल्याने ही कागदपत्रे आपणच मागून पाहावी लागतात. मी मागितली, तेव्हा तिने ती कुठलाही संकोच न करता दाखवली.

पहिल्या दिवशी ती पाऊण तास बसली आणि त्या दिवशी तिने एकही व्यायाम करून घेतला नाही. आधी पार-क्यू नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली: छातीत दुखते का, चक्कर येते का, हाडांचा किंवा सांध्यांचा असा काही त्रास आहे का जो व्यायामाने वाढेल, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. नंतर तिने गोळ्यांचा डबाच मागितला. एकेक पट्टी उजेडाकडे धरून नाव वाचत ती २०० पानी वहीत लिहीत होती, आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीच्या पट्टीपाशी थांबली. "काकू, ही घेऊन उपाशीपोटी फिरायला जाऊन राहिल्या काय तुम्ही?" असे तिने विचारले. मी होय म्हटले. या गोळीवर असताना व्यायामात साखर एकदम उतरू शकते, हे नऊ वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते, आणि अंबाझरीच्या तलावावरून परतताना कधी कधी हातापायांना सुटणारा कंप मी थकव्याच्या खाती टाकत होते. गोळीची वेळ ठरवणे माझे काम नाही, असे सांगून तिने मला आधी डॉक्टरांकडे पाठवले, त्यांची चिठ्ठी वहीत चिकटवली आणि मगच दुसऱ्या आठवड्यात व्यायाम सुरू केला.

सुरुवातीचा व्यायाम पाहून घरच्यांना हे पैसे वाया गेल्यासारखे वाटले होते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीवर दुमडायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजायचे. माझे सात झाले. तो आकडा तारखेसह वहीत गेला. पुढचे सहा आठवडे खुर्चीवर दोन जाड उशा ठेवून उठबस, भिंतीला हात टेकवून जोर, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि रबरी बँड ओढणे एवढेच होते. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणायला ती लावत असे. मला ते लहान मुलांसारखे वाटले, म्हणून मी कारण विचारले. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब झपाट्याने चढतो, आणि तोंडाने मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही, हे कारण होते. प्रत्येक व्यायामामागचे कारण तिच्याकडे असते आणि विचारले की ते साध्या शब्दांत मिळते. पुढे एक उशी निघाली, मग दुसरीही. आज मी पाण्याने भरलेले पाच लिटरचे कॅन दोन्ही हातांत घेऊन गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. गेल्या महिन्यात ३० सेकंदांचा आकडा १४ झाला. वजन ६८ किलोवर आले आहे. मात्र माझ्या लेखी वजनापेक्षा खुर्चीचा आकडा मोठा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. त्यातला पहिला भाग आपल्यापैकी अनेक जण सेमिनरी हिल्सवर किंवा फुटाळ्याच्या काठाने चालून पूर्ण करतात. दुसऱ्या भागाचा विचारच होत नाही. ट्रेनर लागतो तो मुख्यतः या दुसऱ्या भागासाठी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

गेल्या मे महिन्यातील एक सकाळ सांगायलाच हवी. उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला कूलरसमोर, बैठकीच्या खोलीत व्यायाम करत होतो. रात्री पाहुण्यांमुळे जागरण झाले होते आणि डोके जड होते. नेहमीप्रमाणे तिने आधी रक्तदाब मोजला; १७२ आणि १०४ आला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, फारसा उतरला नाही. तिने चटई गुंडाळली, माझ्या मुलाला उठवून आकडे सांगितले आणि "आज व्यायाम नाही, काकू, दवाखाना" एवढे म्हणून मुलगा गाडी काढेपर्यंत ती माझ्याजवळ बसून राहिली. डॉक्टरांनी औषध बदलले. त्या दिवसाचे पैसे तिने घेतले नाहीत.

आहाराबाबत ती आपली मर्यादा ओलांडत नाही. जुन्या जिममध्ये मला ब्रोकोली, ओट्स आणि चिकन असा छापील तक्ता आणि वर प्रोटीन पावडरचा डबा देऊ केला होता. मी शाकाहारी आहे, हेही कोणी विचारले नव्हते. हिने आहारतज्ज्ञांकडे पाठवले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने धरली, तर ६८ किलोला साधारण ५६ ग्रॅम होतात. मूत्रपिंडाचा अहवाल पाहून आहारतज्ज्ञांनी ती वरण, दही, पनीर, उसळी आणि झुणका यांतून बसवून दिली. जेवणात भाकर राहिली, फक्त तिचे माप ठरले. याच परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे. ज्या ट्रेनरकडे विक्रीसाठी डबे ठेवलेले असतात, त्याच्या सल्ल्यावर मी यापुढे विश्वास ठेवणार नाही.

आता उणिवा. ती एकटीच काम करते, त्यामुळे तिला ताप आला किंवा गावी जावे लागले की खंड पडतो; दिवाळीच्या सुमारास सलग ११ दिवस ती नव्हती आणि बदली कोणी मिळाले नाही. पावसाळ्यात ती दोनदा अर्धा तास उशिरा आली, आणि सकाळी साडेनऊला घर सोडणाऱ्या माणसाची त्यात धांदल होते. फोनवर निरोपाचे उत्तर द्यायला ती वेळ लावते. साधने मोजकीच आहेत, आणि आता मला जे जड वजन उचलायला हवे ते घरी मिळत नाही.

महिन्याला १२ सत्रांचे ती ६,५०० रुपये घेते, तेही महिना संपल्यावर. आदल्या रात्री आठच्या आत कळवले, तर चुकलेले सत्र पुढे मिळते; न कळवल्यास बुडते, आणि ते मला योग्य वाटते. जिमच्या सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जिममार्फत ट्रेनर घेणाऱ्यांनी पावतीवरचा दर अवश्य तपासावा. माझ्या ट्रेनरची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याने ती कर लावत नाही, पण सही केलेली पावती दर महिन्याला देते.

जड वजनाचा विषय गेल्या आठवड्यात तिनेच काढला. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले दोन दिवस मी त्रिमूर्तीनगरातील एका लहान जिममध्ये जावे, असे तिने सुचवले आहे. त्यात तिचे उत्पन्न कमी होणार आहे, तरीही पहिल्या दिवशी ती स्वतः सोबत येऊन तेथील ट्रेनरला माझे गुडघे, गोळ्या आणि आतापर्यंतचे आकडे समजावून सांगणार आहे. वही तिच्याकडेच असावी असे समजून मी ती परत करू लागले, तर तिने ती माझ्याच पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "तुमचीच आहे ना, काकू."