सायपायचं स्क्यू फंक्शन: दूध संस्थेच्या हिशेबावर वापरून पाहिलं

गावच्या दूध संस्थेत मी हिशेब बघते. दर महिन्याच्या सभेत सरासरी वाचून दाखवतात, ‘आपला सभासद रोज एवढे लिटर घालतो’ म्हणून. मला ते खटकतं. एका मोठ्या गोठ्याचे कॅन सरासरी वर ओढतात आणि एका म्हशीवर घर चालवणारी बाई त्या आकड्यात दिसतच नाही. यादी किती कलंडलीय ते एका आकड्यात सांगावं, म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सायपाय या गणिती संचाचं स्क्यू (कलंडणं मोजणारं) फंक्शन घेतलं. फुकट आहे, एका ओळीत काम होतं.

आधी पाच जणांवर करून पाहिलं: १०, २०, ३०, ४०, १०० लिटर. सरासरी ४०, मध्यक (मधला आकडा) ३०. उत्तर आलं १.१३८. धन आकडा, म्हणजे यादीचं लांब शेपूट मोठ्या आकड्यांकडे. तोच रकाना एक्सेलच्या स्क्यूला दिला तर १.६९७! पांडाज या पायथॉनमधल्याच तक्ते हाताळणाऱ्या संचाचंही उत्तर तेच.

रात्री वही घेऊन बसले. सरासरीपासूनचे फरक −३०, −२०, −१०, ०, ६०. त्यांच्या घनांची सरासरी ३६,०००. वर्गांची सरासरी १,०००, तिचा दीडावा घात ३१,६२३. भागाकार १.१३८. म्हणजे सायपाय बरोबरच होतं. ते हातात आहेत तेवढ्याच आकड्यांचं सांगतं. बाकीचे दोघे त्या आकड्यांना नमुना धरून दुरुस्ती करतात. फंक्शनला ‘बायस=फॉल्स’ (म्हणजे दुरुस्ती कर) लिहिलं की सायपायही १.६९७ देतं. पाच आकड्यांत हा फरक जवळजवळ दीडपट, शंभर आकड्यांत दीड टक्का.

मी बायस आहे तसंच, दुरुस्तीविना ठेवते. माझ्या यादीत सगळे सभासद आहेत, तो नमुना नाही.

रकान्यातल्या रिकाम्या जागेचं मात्र नीट बघा. एक जरी नोंद सुटली तरी सायपाय ‘नॅन’ (आकडा नाही) म्हणून थांबतं. वगळायचं असेल तर ‘नॅन_पॉलिसी’ला ‘ओमिट’ सांगावं लागतं. पांडाज न विचारता वगळतं. मला थांबणंच आवडलं. गाभण म्हैस आटली, त्या घरापुढे शून्य लिहायचं की जागा कोरी सोडायची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता आलं नाही. मी शून्य लिहिलं. ते घर अजून सभासद आहे.