टाइम्स, जॉर्जिया की प्लेफेअर? बोल्ड इटॅलिक निवडताना

लातुरात क्लासेसच्या प्रवेशाचा हंगाम आला की सर लोक टेबलाशी खुर्ची ओढून सांगतात, "इंग्रजी नाव वजनदार करा, पण नुसतं जाडजूड नको, जरा ऐट पाहिजे." डीटीपीवाल्याला कळतं : सेरिफ (रेघांच्या टोकाला छोटे पाय असलेली अक्षरं), बोल्ड म्हणजे ठळक, इटॅलिक म्हणजे तिरकं. पुढचा घोळ कोणता फॉन्ट घ्यायचा याचा.

टाइम्स न्यू रोमन जवळपास सगळ्या कॉम्प्युटरांवर सापडतो. १९३२ साली तो लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये आला, वर्तमानपत्राच्या रकान्यांसाठीच. त्यामुळं जागा कमी खातो. लांबलचक नाव व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत बसवायचं तर हाच. बोर्डावर मात्र तहसीलच्या अर्जासारखा दिसतो.

जॉर्जिया हा फॉन्ट मॅथ्यू कार्टर यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी केला. अक्षरं रुंद, बारीक रेघासुद्धा अंगानं भरलेल्या. गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत, गाडीवरून जाता जाता वाचायच्या फ्लेक्सला मी डोळे मिटून हाच देतो. खोड एकच, अंक. तीन, चार, पाच, सात, नऊ ओळीखाली लोंबतात, सहा आणि आठ वर डोकावतात. एका किराणावाल्यानं विचारलं, "भाऊ, नंबर असा उड्या का मारायलाय?" तेव्हापासून फोन नंबर दुसऱ्या फॉन्टात.

आणि प्लेफेअर डिस्प्ले. फुकट मिळतो, आणि देखणेपणात बाकीचे दोघं याच्या पासंगाला पुरत नाहीत. जाड रेघ एकदम जाड, बारीक रेघ केसाएवढी. नेमकं तिथंच फसतं. मी एकदा लग्नपत्रिकेत मरून रंगात पांढरी अक्षरं सोडली, तीही बारीक आकारात. प्रूफ पडद्यावरच पाहिलं. छापून आली तर शाईनं इंग्रजी 'ई'मधली (e) रेघ गिळलेली आणि नवरदेवाच्या नावात 'ई'चा 'सी' झालेला. दोनशे पत्रिका पदरच्या पैशानं परत छापल्या. पांढऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात घ्या; तिथं याला तोड नाही. अंक याचेही खालीवर असतात, तेवढं बघा.

फॉन्टचं खरं बोल्ड इटॅलिक आहे की बटण दाबून कलवलेलं, हे इंग्रजी छोट्या 'ए'वर (a) कळतं. या तिन्हींत सरळ अक्षरातला 'ए' वर हुकासारखा बाक असलेला, इटॅलिकमध्ये तो हातानं लिहिल्यासारखा गोल होतो. बाक तसाच राहिला तर समजा, नुसतं ढकललंय. इटॅलिक मुळात १५०१ च्या सुमारास व्हेनिसच्या छापखान्यात हस्ताक्षरावरून आलं, त्यामुळं त्याचा आकारच वेगळा.

मराठी ओळीवर मात्र ते बटण दाबू नका. शिरोरेषा आडवीच राहते, काना-वेलांट्या तेवढ्या कलतात; वाऱ्यानं मांडव झुकावा तसं दिसतं. खाली मराठी सरळ आणि ठळक, वर इंग्रजी तिरकं, एवढं पुरतं.

फाइल दुसऱ्या प्रेसला देणार असाल तर कोरलमध्ये (कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये) आधी कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारात रूपांतर करा. तिथं प्लेफेअर नसला तर त्याच्या जागी कुठला फॉन्ट येऊन बसेल, सांगता येत नाही.